बावेच्या पाण्याचा चहा

माझा आवाज मोठा आहे. आमच्या भागात हळद असो, साखरपुडा असो की टेनिस बॉलचे क्रिकेट सामने, लोक आधी मंडपवाल्याला फोन करतात आणि मग मला. पोटापाण्यासाठी मी वसईजवळ कामणच्या एका गोदामात माल उतरवून घेतो, पण माझी खरी ओळख माईकवरची. ‘चेंडू उंच, चेंडू लांब, आणि चेंडू थेट खाडीत’ हे माझं वाक्य लहान पोरांनाही पाठ आहे. त्यामुळे बुलेट ट्रेनची माणसं गावात येऊन सभा घेणार असं ठरलं तेव्हा माईक कुणाच्या हातात द्यायचा यावर चर्चाच झाली नाही.

आमचं गाव विरारच्या पूर्वेला, चांदीपच्या बाजूला, खाडीच्या अंगाला. गाडीचा मार्ग गावाच्या कडेनं जाणार होता, उंच खांबांवरून. मी पहिल्या दिवसापासून गाडीच्या बाजूचा होतो, ते कशाला लपवू? मला वेग आवडतो. वेगवान गोलंदाज धावत सुटला की माझ्या अंगावर काटा येतो, आणि इथं तर अख्खी गाडी धावत सुटणार होती, तीही आमच्या शेतावरून. ज्यांची शेतं मार्गात गेली त्यांचं दुःख वेगळं. ते मी माईकवरून सांगू नये आणि इथंही सांगत नाही. पण बाकीचे लोक कट्ट्यावर बसून जे बोलायचे त्यानं माझं डोकं फिरायचं. ‘शेटलोकांची गाडी ती. आपल्या डोक्यावरून जानार नि आपन मान वर करून बगनार.’ मी म्हणायचो, अरे, विरारला थांबणार आहे ती. तर उत्तर तयार असायचं, ‘थांबल. पन तुज्यासाठी थांबल काय?’

यात सगळ्यात तिखट जीभ होती माझ्या काकीची.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. माझी आई मी लहान असताना गेली, त्यामुळे मला वाढवलं काकीनं आणि झोडपलंही तिनंच. तिच्या अंगणाच्या कोपऱ्यात एक बाव आहे. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. ही साधी बाव नव्हे. खाडीकाठच्या गावात विहीर खणणं सोपं, गोडं पाणी लागणं कठीण. आमच्या गावात ज्या ज्या विहिरी होत्या त्यांचं पाणी मचूळ. धड खारं नाही, धड गोडं नाही, आणि उधाणाच्या दिवसांत तर तोंडात धरवत नाही. काकी लग्न होऊन आली तेव्हा बायका टेकडीपलीकडून डोक्यावर हंडे आणायच्या.

आमच्यात नवी सून दारात आली की सासू तिचे पाय धुते आणि मग तिला आत घेते. काकीचेही धुतले. पण त्या दिवशी आणलेलं गोडं पाणी पंगतीला संपलं होतं, म्हणून धुतले ते मचूळ पाण्यानं. सासूच्या मनाला ते लागून राहिलं. काकीच्या मनाला लागलं नसेल असं नाही, पण तिनं तोंडातून कधी काढलं नाही. पुढं काका आणि काकीनं मिळून अंगणाच्या कोपऱ्यात खणायला घेतलं. लोक हसले. दोघं खणत राहिली, आणि एके दिवशी खालच्या खडकाच्या फटीतून गोडं पाणी आलं. सासूनं पहिली बादली वर ओढून घेतली, सुनेला पाटावर बसवलं आणि त्या पाण्यानं तिचे पाय पुन्हा धुतले. काकी अजून सांगते, ‘मी या घरात दोनदा आलंय.’

आता गावात नळ आहेत. कधी येतात, कधी येत नाहीत. पण डाळ शिजते ती बावेच्या पाण्यात आणि चहा होतो तोही त्याच पाण्याचा. उन्हाळ्यात नळ रुसले की अख्खं गाव काकीच्या अंगणात रांग लावतं. काका जाऊन बरीच वर्षं झाली. काकी रोज सकाळी बावेचा काठ झाडते, घराचं अंगण नंतर.

सभा देवळासमोरच्या मांडवात होती. बोलायला आला होता एक तरुण इंजिनिअर, अमरावतीकडचा, सडपातळ, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. मी त्याचं स्वागत अंतिम सामन्यात करतात तसं केलं आणि माईक त्याच्या हातात दिला. पोरगा हुशार होता, पण त्याच्या हातात छापील कागद होता आणि तो कागद कुणा भलत्याच माणसानं लिहिला होता. ‘उच्चगती मार्गिकेच्या उभारणीदरम्यान व परिचालनादरम्यान,’ त्यानं वाचलं, ‘आपल्या गावात कंपनं येणार नाहीत, याची आम्ही ग्वाही देतो.’

भोंगे माझ्या ओळखीच्या माणसाचे होते, जुने. शेवटचा शब्द मांडवाच्या दोन्ही टोकांना आपटून परत यायचा. बायकांच्या बाजूनं कुजबूज सुरू झाली.

‘काय बोल्ला?’

‘गावात कंपनी नाय येनार.’

‘आं? नाय येनार?’

आता आमच्याकडे कंपनी हा शब्द काय आहे ते सांगितलं पाहिजे. वसईच्या पूर्वेला प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कंपनीत आहे. कोण बॅगांच्या कंपनीत, कोण नट-बोल्टच्या, कोण बिस्किटाच्या. मुलीला स्थळ आलं की पहिला प्रश्न, मुलगा कंपनीत आहे का. आणि गावात इतके दिवस एकच आशा होती, की एवढी मोठी गाडी येते आहे म्हटल्यावर मागोमाग चार कंपन्या तरी येतील आणि पोरं कामाला लागतील. आता हा साहेब माईकवरून सांगत होता की येणार नाही.

‘जमनी पन गेल्या नि कंपनी पन नाय?’ एकजण उठून ओरडला. मग दुसरा उठला. बघता बघता अर्धा मांडव उभा राहिला.

इंजिनिअरला वाटलं, लोकांचा विश्वास बसत नाहीये. त्यानं आवाज चढवला. ‘मी खात्रीनं सांगतो! एकही येणार नाही! आणि चुकून आलंच, तर आम्ही ताबडतोब मोजू आणि बंद पाडू!’

झालं. खुर्च्या सरकल्या. मागून कुणीतरी म्हणालं, ‘बंद पाडनार? तू कोन रे बंद पाडनारा?’ इंजिनिअर पांढराफटक पडला होता, आणि आपण इतकी चांगली बातमी देतोय तरी लोक अंगावर का येतायत हे त्याला काही केल्या कळत नव्हतं.

मला कळलं. मी हसू दाबत पुढं झालो, माईक घेतला आणि म्हणालो, ‘ओ मंडली, बसा खाली! साहेब कंपनी नाय बोल्ला. कंपन बोल्ला, कंपन! कंपन म्हंजे थरथर. हादरा. गाडीनं जमीन हादरनार नाय, इतकंच बोलतोय तो गरीब!’

असा हशा फुटला की देवळाच्या पायरीवरची कुत्री उठून पळाली. ज्यानं ‘तू कोन रे’ म्हटलं होतं तोच पोट धरून खाली बसला. इंजिनिअरही हसला, थोडा उशिरा. मला वाटलं, जिंकलो. एका वाक्यात सभा खिशात घातली.

तेवढ्यात बायकांतून काकी उठली.

‘थांब,’ ती मला म्हणाली. ‘म्हंजे तो हादऱ्याचा बोलत व्हता?’

‘हो ना काकी. येणार नाही म्हणतोय.’

‘येनार नसता तर नाव कशाला काढला असता?’

हशा जागच्या जागी थांबला. काकीनं पदर खोचला आणि सरळ इंजिनिअरकडं वळली. माजी बाव, म्हणाली, दगडावर दगड ठेवून बांधलीय, मधी सिमेट नाय. गोडं पानी आत हाय नि खारं पानी भायेर. मधी नुसता दगड. तुजा हादरा आला नि एक दगड जरी हालला तरी खारं पानी आत शिरंल. मंग काय करशील? परत गोडं करून देशील?

काकीची बाव ही काकीची एकटीची नव्हती, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. उन्हाळ्यातली रांग प्रत्येकाला आठवली असणार.

इंजिनिअर मात्र मला त्या दिवशी आवडला. त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि साध्या भाषेत बोलायला लागला. खांबाचा पाया लांब खाली जाणार, त्यासाठी जमिनीत खोल भोकं पाडणार, ठोकणार नाही, पोखरणार. बावेच्या काठावर यंत्र बसवणार, जराशीही थरथर झाली तरी त्यात दिसेल.

‘तुज्या यंत्राला चव कलते काय?’ काकीनं विचारलं.

त्यानं विचार केला. ‘नाही काकू. चव नाही कळत.’

‘मंग मी सांगतंय तसा कर. रोज सकाली काम चालू करायच्या आधी माज्या ओट्यावर यायचा. मी बावेच्या पान्याचा चा करीन. समद्यांसमोर प्यायचा. चा चांगला जाला तर काम कर. ज्या दिवशी चा फाटला, त्या दिवशी काम बंद.’

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पण मचूळ पाण्याच्या गावात पाण्याची परीक्षा अशीच होते. पाण्यात खारटपणा आला की जिभेला कळायच्या आधी दुधाला कळतं. चहात दूध घातलं की ते फाटतं, वर कण तरंगतात. आमच्याकडे एखाद्या गावाबद्दल वाईट बोलायचं असेल तर ‘तिथं चा फाटतो’ एवढं म्हटलं की मुलगी तिथं द्यायचा विषय संपतो.

इंजिनिअर गोंधळून म्हणाला, ‘पण काकू, मी चहा घेतच नाही.’

पुन्हा हशा. काकी मात्र हसली नाही. ‘मंग उद्यापासून घे,’ ती म्हणाली आणि खाली बसली. ही अट कुठल्याच कागदावर आली नाही. पण काम सुरू व्हायच्या सकाळी तो पोरगा डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून काकीच्या ओट्यावर हजर होता.

घरी काकी माझ्याशी धड बोलत नव्हती. ‘तू त्यांच्या माईकवर बोल्लास,’ एवढंच. मी म्हटलं, अगं, माईक माझाच होता. तर म्हणाली, ‘तोंड पन तुजाच व्हता.’ तिला खरी भीती वाटत होती, हे मला दिसत होतं. एरवी भांडताना ती आवाज चढवते. या खेपेला तिचा आवाज खाली गेला होता, आणि त्यानं मी हललो. समजा खरंच एक दगड सरकला तर? मी गाडीच्या बाजूचा असलो तरी त्या बावेच्या पाण्यावर वाढलेला माणूस आहे. गोदामात माल मोजतानासुद्धा माझं लक्ष फोनकडं असायचं, आज चहा कसा झाला म्हणून.

चहा रोज चांगला व्हायचा. पहिल्या दिवशी इंजिनिअरनं औषध घ्यावं तसा नाक मुरडून कप संपवला. आठवडा उलटला तसा तो बशीत ओतून फुर्र करायला शिकला. पुढं पुढं तर आल्याचा तुकडा कमी पडला की स्वतःहून बोलायचा. आणि त्या चहाच्या निमित्तानं ओट्यावर जी सभा भरायला लागली ती आमच्या मांडवातल्या सभेपेक्षा शंभर पटीनं बरी होती. कुणी विचारायचं, गाडी एवढी जोरात गेल्यावर म्हशी दूध देतील का. कुणी विचारायचं, आतून आमचं गाव दिसेल का, की दिसायच्या आत मागं पडेल. एका म्हातारबाबांचा प्रश्न होता की एवढ्या वेगात माणसाच्या पोटातलं जेवण जागेवर राहतं काय. पोरगा कशालाच हसायचा नाही. माहीत असेल तर सांगायचा, नसेल तर ‘विचारून सांगतो’ म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी खरंच विचारून यायचा. जेवण जागेवर राहतं, असं उत्तर त्यानं आणलं तेव्हा म्हातारबाबांनी मोठा श्वास सोडला.

त्याचं यंत्र बावेच्या काठावर बसलं होतं. त्यात रेषा उमटायच्या, तो त्या समजावून सांगायचा, लोक माना डोलवायचे. पण भरवसा बसला तो वेगळ्याच गोष्टीनं. एकदा पलीकडं पोखरायचं यंत्र घरघरत असताना काकीनं भरला कप उचलला आणि बावेच्या काठावर, रेषांच्या यंत्राशेजारी ठेवला. सगळे वाकून बघायला लागले. चहावर साय धरायला लागली होती. ती साय जराही हलली नाही. त्या दिवसापासून रोज एक कप प्यायला आणि एक कप काठावर ठेवायला, असे दोन कप व्हायला लागले. मी पुढं इंजिनिअरला म्हणालो, तुझ्या यंत्राला जोडीदार मिळाला. तो म्हणाला, दोघांचं अजून एकदाही भांडण झालेलं नाही.

आणि एके सकाळी चहा फाटला.

त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मी ओट्यावरच होतो. काकीनं पातेल्यात दूध ओतलं, उकळी आली, आणि पांढरे कण वर आले. आधी तिला वाटलं नीट दिसलं नसेल. तिनं पळीनं ढवळलं. कण मोठे झाले. ती पातेलं घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांच्या मधोमध ओट्यावर ठेवलं. तिचा चेहरा मी काका गेले त्या दिवशी तसा बघितला होता.

कुणी काही बोलायच्या आत पोरं धावत सुटली. पाच मिनिटांत पलीकडचं पोखरायचं यंत्र बंद झालं. इतके दिवस जी घरघर कानाला सवयीची झाली होती ती थांबली आणि गाव एकदम मोकळं मोकळं वाटायला लागलं. पोरं नाचत परत आली. कुणीतरी मला म्हणालं, माईक काढ, आज भाषण कर. इंजिनिअर हेल्मेट हातात घेऊन उभा होता. ‘मी शब्द दिला होता,’ तो म्हणाला. ‘काम बंद. मी वर कळवतो.’ त्यानं वाद घातला नाही, यंत्रातल्या रेषा दाखवल्या नाहीत. मला तेव्हा रडू आलं, खरं सांगतो. बावेसाठी, काकीसाठी, आणि त्या पोरासाठीही.

काकी मात्र उठली आणि बावेकडं गेली. तिनं बादली सोडली, पाणी ओढलं, ओंजळीत घेतलं आणि प्यायली. पुन्हा घेतलं, पुन्हा प्यायली. डोळे मिटून तोंडात पाणी फिरवलं. मग वळून म्हणाली, ‘पानी गोड हाय.’

‘काकी, चा फाटलाय,’ एकजण म्हणाला.

‘चा फाटलाय. पानी नाय फाटला.’ ती परत पातेल्यापाशी आली, आणि जिच्यात दूध आलं होतं ती बरणी उचलून तिनं नाकाला लावली, मग बोटावर थेंब घेतला. दूध नेहमीचं नव्हतं. शेजारच्या घरी म्हैस व्यायली होती, आणि त्या घरची सून गावालाही नवी आणि म्हशीलाही. काकीवरच्या मायेनं तिनं ते ताजं दूध भल्या सकाळी ओट्यावर आणून ठेवलं होतं. म्हैस व्यायल्यावर पहिले काही दिवस दुधात चीक असतो. ते तापवलं की गोठतंच. म्हणूनच तर त्याचा खरवस होतो.

‘चीक हाय यो,’ काकी म्हणाली.

ओट्यावर चुळबूळ सुरू झाली. मग एका पोरानं पुढं होऊन हलक्या आवाजात सांगितलं, आणि ते मी ऐकलं, कारण मी बाजूलाच होतो. ‘काकी, कोनाला कललंय? काम बंद जालंय ना? ऱ्हाऊ दे बंद. तुजी बाव पन वाचली. गप ऱ्हा.’

तो काही वाईट मुलगा नव्हे. त्याला काकीचंच भलं हवं होतं. आणि काकीला तरी दुसरं काय हवं होतं? सभेत उठली त्या दिवसापासून तिला हेच हवं होतं, की ते यंत्र थांबावं आणि तिच्या बावेपासून लांब जावं. आता ते थांबलं होतं. तिनं फक्त गप्प राहायचं होतं. मी तिच्याकडं बघत राहिलो, आणि माझ्या मनात दोन्ही बाजूंनी इतका गोंगाट झाला की तिनं काय करावं असं मला वाटत होतं ते आजही मला सांगता येणार नाही.

काकी त्या पोराकडं बघून म्हणाली, ‘मी बावेच्या नावानं अट घातली व्हती. बावेवर खोटा आल नाय घालनार.’

मग तिनं इंजिनिअरला हाक मारली. ‘ए, तुमच्या कामावर पिशवीतला दूध असल ना? आन एक.’

पिशवी आली. काकीनं नवं पातेलं चढवलं, बावेचं पाणी, साखर, पत्ती, आलं. सगळं गाव चुलीभोवती जमलं होतं, मागचे टाचा उंचावून बघत होते. दूध पडलं. उकळी आली. काकीनं पळी भरून वर उचलली आणि उंचावरून सोडली. चहा एकसारखा, तांबूस, गुळगुळीत पडला. एकही कण नाही.

मी माईकशिवाय ओरडलो, ‘आणि षटकाऽऽऽर!’ म्हणजे मला तसं ओरडायचं होतं. प्रत्यक्षात माझा आवाज मधेच चिरकला आणि सगळे माझ्यावर हसले. इंजिनिअरनं दोन कप घेतले. पोरं स्वतः जाऊन यंत्रवाल्याला सांगून आली, सुरू कर रे बाबा. आणि ती घरघर सुरू झाली तेव्हा, काय गंमत आहे बघा, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या घरघरीला टाळ्या पडतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शेजारची सून लाजून दाराआड उभी होती. काकीनं तिला बोलावलं, उरलेल्या दुधाचा वेलची घालून खरवस केला आणि तिच्याच हातानं कामावरच्या माणसांना वाटायला लावला.

त्या दिवसानंतर कट्ट्यावर ‘शेटलोकांची गाडी’ हे शब्द मी ऐकले नाहीत. ‘आपली गाडी’ असंही लगेच कुणी म्हणालं नाही. पण ‘आपले खांब’ म्हणायला लागले. पाहुणे आले की त्यांना खांब दाखवायला नेऊ लागले, आणि कुठला खांब कितव्या दिवशी वर आला यावर पैजा लागू लागल्या. नंदाखालच्या माझ्या एका मित्राकडे नारळी-केळीच्या वाड्या आहेत, त्याच्यासमोर मी आमच्या खांबांची इतकी फुशारकी मारली की तो म्हणाला, अरे, ते काय तू ओतलेस? मी म्हटलं, मी नाही. पण चहा आमचा होता.

खांब झाले. मग वरचा गर्डर, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई, चढवायचा दिवस आला. सकाळपासून गाव रस्त्यावर होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या निघाल्या, म्हाताऱ्यांना पुढची रांग मिळाली. खांबांवरून पुढं सरकणारं ते अवाढव्य लोखंडी यंत्र आमच्या शेतापर्यंत पोचलं होतं. इंजिनिअरची बदली पुढं डहाणूकडं झाली होती, पण त्या दिवसासाठी तो मुद्दाम आला होता. मी परवानगी घेतली, लांब सुरक्षित जागी भोंगा लावला, आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं समालोचन केलं.

‘हलतोय... हलतोय मंडळी... घाई नाही, अजिबात घाई नाही... वेगाच्या गाडीचं काम, पण पाऊल बघा कसं नव्या नवरीचं... आला, आला, खांबाच्या डोक्यावर आला... जरासा डावीकडे... थांबला... उतरतोय... आणि बसला! बसला! बसलाऽऽऽ!’

या खेपेला आवाज चिरकला नाही. टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी ढोल आणला होता तो वाजायला लागला. आपल्या डोक्यावरून जाणार म्हणून जे नाक मुरडत होते ते मान वर करून बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं. मला वाटतं, इतक्या मोठ्या गोष्टीत आपला होकार मिसळला आहे असं गावाला पहिल्यांदाच वाटत होतं.

गर्दीत काकी दिसेना. मग बघितलं तर ती घराकडून येत होती, कमरेवर कळशी, हातात हळदी-कुंकवाची वाटी. लोकांनी वाट दिली. इंजिनिअरनं आधी तिच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. ती कुरकुरली, पण काढलं नाही. तो तिच्यासोबत तिच्या बावेच्या सर्वांत जवळच्या खांबापाशी गेला. मीही माईक ठेवून मागोमाग गेलो.

‘काकू, काय करता?’ त्यानं विचारलं.

‘तू सभेत बोल्लास ना, याचे पाय लांब खाली गेलेत म्हनून?’

‘पाया म्हणालो होतो, काकू.’

‘तेच.’ ती खाली बसली. खांब जिथून जमिनीतून वर येतो तिथं तिनं कळशीतलं पाणी हळूहळू ओतलं, हातानं सगळीकडून चोळलं, सिमेंटची धूळ धुऊन काढली. पदरानं पुसलं. मग हळदीची बोटं लावली, कुंकू लावलं, आणि तळहात काँक्रीटवर तसाच ठेवून थोडा वेळ बसून राहिली.

‘आमच्यात आली तर पाय धुवाय नको?’ ती आम्हाला म्हणाली. मग खांबाकडं वळून, आवाज खाली घेऊन, जसं घरात आलेल्या पोरीशी बोलावं तसं म्हणाली, ‘बावेच्या पान्यानं धुतलेत हां तुजे. मचूल पान्यानं नाय.’

तेवढं बोलून ती उठली, हेल्मेट इंजिनिअरच्या हातात दिलं आणि चहा टाकायला घरी गेली.